शब्दांची चाळणी आणि स्कनथॉर्पचा धडा

इंग्लंडमधील उत्तर लिंकनशायर भागात स्कनथॉर्प नावाचे एक गाव आहे. पोलादाच्या कारखान्यांमुळे ते ओळखले जाते. गाव जुने आहे. १०८६ साली तयार झालेल्या 'डूम्सडे बुक' या जमीन-नोंदवहीतही त्याचा उल्लेख सापडतो. नावाचे मूळ नॉर्स भाषेत असून 'स्कुमा नावाच्या माणसाची वाडी' असा त्याचा साधा अर्थ आहे. मात्र १९९६ साली या गावातील रहिवाशांना एक विचित्र अनुभव आला. 'अमेरिका ऑनलाइन' अर्थात 'एओएल' या इंटरनेट सेवेचे सभासद होण्यासाठी अर्ज भरताना त्यांनी गावाचे नाव लिहिले, की अर्ज नाकारला जाई. कारण शोधले असता असे आढळले, की इंग्रजीत हे नाव लिहिताना दुसऱ्या ते पाचव्या अक्षरांत एक अत्यंत असभ्य शब्द तयार होतो आणि कंपनीची स्वयंचलित शब्दचाळणी नेमका तोच पकडते. तात्पुरता तोडगा म्हणून कंपनीने आपल्या यंत्रणेपुरते गावाचे नावच बदलून 'स्कॉनथॉर्प' केले. चाळणी कायम राहिली आणि नऊशे वर्षांचे नाव बदलले गेले.

तेव्हापासून संगणकशास्त्रात या प्रकाराला 'स्कनथॉर्प समस्या' असेच नाव पडले. निर्दोष शब्दाच्या पोटात योगायोगाने आलेल्या अक्षरांमुळे यंत्राने तो शब्द, ते वाक्य किंवा ते लिहिणारा माणूस दोषी ठरवणे, ही तिची व्याख्या करता येईल. वरवर पाहता हा विनोदाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात कोणाचे म्हणणे ऐकले जाणार आणि कोणाचे दारातच अडवले जाणार, हा गंभीर प्रश्न त्यामागे दडलेला आहे.

यादीचा उगम

निषिद्ध शब्दांची यादी करण्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही. अमेरिकी विनोदकार जॉर्ज कार्लिन यांनी १९७२ साली दूरचित्रवाणीवर कधीही उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांवर एक प्रसिद्ध एकपात्री प्रवेश सादर केला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील एका रेडिओ केंद्राने त्याच विषयावरील त्यांचे ध्वनिमुद्रण दुपारच्या वेळी प्रसारित केले आणि त्यावरून उभा राहिलेला खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलांच्या कानावर पडेल अशा वेळी असभ्य भाषेच्या प्रसारणावर नियामकाला निर्बंध घालता येतात, असा निकाल न्यायालयाने १९७८ साली दिला. तेथे निर्णय घेणारी माणसे होती, प्रसारणाचे तास मोजके होते आणि बोलणारेही मोजकेच होते.

इंटरनेटने हे गणित बदलले. गप्पांच्या खोल्या, चर्चेची व्यासपीठे, खेळांच्या जाळ्या अशा ठिकाणी लक्षावधी माणसे एकाच वेळी लिहू लागली. प्रत्येक ओळ वाचून पाहणे माणसांच्या आवाक्याबाहेर गेले. त्यातच १९९६ साली अमेरिकेत दूरसंचार कायद्याचा भाग म्हणून 'कम्युनिकेशन्स डीसेन्सी अॅक्ट' संमत झाला. इंटरनेटवरील असभ्य मजकुरावर सरसकट निर्बंध घालणारी त्याची कलमे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली रद्द केली. मात्र त्यातील कलम २३० टिकून राहिले. सभासदांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल सेवा पुरवणाऱ्या कंपनीला प्रकाशक मानता येणार नाही आणि आक्षेपार्ह वाटणारा मजकूर तिने सद्हेतूने हटवला तर त्याबद्दल तिला जबाबदार धरता येणार नाही, असा त्याचा आशय. चाळणी लावण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. ती नीट लावण्याचे बंधन मात्र मिळाले नाही.

सन २००० मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी झालेल्या दुसऱ्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या अमेरिकी शाळा व ग्रंथालयांना चाळण्या बसवणे भाग पाडले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. प्रौढ वाचकाने मागणी केल्यास ग्रंथपाल चाळणी बंद करू शकतो, हा मुद्दा त्या निकालात महत्त्वाचा ठरला. यंत्राची चूक दुरुस्त करायला जवळ एखादा माणूस असावा, हे तत्त्व तेथे अप्रत्यक्षपणे मान्य झाले.

चाळणी चालते कशी?

सर्वांत साधी चाळणी म्हणजे शब्दांची यादी. लिहिलेला मजकूर यंत्र अक्षर-अक्षर तपासते आणि यादीतील एखादी अक्षरमाला सापडली की तो अडवते, तारांकित करते अथवा बदलते. हजारो शब्दांची यादी एकाच फेरीत तपासण्याची कार्यक्षम पद्धत बेल प्रयोगशाळेतील आल्फ्रेड अहो व मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ सालीच मांडली होती. वेगाचा प्रश्न त्यामुळे फार पूर्वी सुटला. अर्थाचा प्रश्न मात्र सुटला नाही, कारण यंत्रापुढे शब्द नसतो, अक्षरांची रांग असते.

या रांगेने केलेल्या करामती अनेक आहेत. इंग्लंडमधील पेनिस्टोन व लाइटवॉटर ही गावे आणि एसेक्स, ससेक्स हे परगणे स्कनथॉर्पच्याच पंक्तीत बसतात. 'स्पेशॅलिस्ट' अर्थात तज्ज्ञ या इंग्रजी शब्दात पुरुषांच्या एका औषधाचे व्यापारी नाव जसेच्या तसे दडलेले आहे. त्या औषधाच्या जाहिराती अडवणारी भाबडी चाळणी नोकरीचे अर्जही अडवू शकते. आक्षेपार्ह शब्दाच्या जागी सौम्य शब्द घालणाऱ्या चाळण्यांनी तर नवी भाषाच जन्माला घातली. पार्श्वभागासाठीच्या असभ्य शब्दाच्या जागी 'बट' घालण्याचा नियम केल्यामुळे 'क्लासिक'चे 'क्लबटिक' झाले. 'याहू'च्या ई-मेल सेवेत सुरक्षेच्या कारणास्तव संगणकीय आज्ञांचे काही शब्द आपोआप बदलले जात. त्यात 'मिडीव्हल' म्हणजे मध्ययुगीन या शब्दाचे 'मिडिरिव्ह्यू' होत असे. २००२ साली हा प्रकार उजेडात आला, तोवर हा अस्तित्वातच नसलेला शब्द अनेक लेखांत जाऊन बसला होता. जून २००८ मध्ये अमेरिकी धावपटू टायसन गे यांच्या विजयाची बातमी देताना एका पुराणमतवादी वृत्तसेवेच्या यंत्रणेने त्यांचे आडनावच बदलून 'होमोसेक्शुअल' असे छापले. 

कॅनडात १९२० पासून निघणारे 'द बीव्हर' हे इतिहासविषयक नियतकालिक बीव्हर या प्राण्याच्या नावाने ओळखले जाई. त्या शब्दाला बोलीत आलेल्या दुसऱ्या अर्थामुळे त्याची ई-पत्रे चाळण्यांत अडकू लागली. २०१० साली नियतकालिकाने 'कॅनडाज हिस्टरी' हे नाव घेतले. त्यामागील कारणांत हेही एक होते. ऑक्टोबर २०२० मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची वार्षिक परिषद इंटरनेटवर भरली, तेव्हा प्रश्नोत्तरांसाठी वापरलेल्या तयार चाळणीने 'बोन' म्हणजे हाड हाच शब्द निषिद्ध ठरवला. हाडांच्या अभ्यासकांना हाडांविषयी विचारता येईना. जानेवारी २०२१ मध्ये प्लिमथ शहरातील 'प्लिमथ हो' या समुद्रकिनाऱ्यावरील ऐतिहासिक जागेचा उल्लेख करणारा मजकूर 'फेसबुक'ने आक्षेपार्ह ठरवला आणि नंतर माफी मागितली. स्कनथॉर्पनंतर पंचवीस वर्षांनी झालेली ही तीच चूक होती.

हसण्यावारी न नेण्याजोगे

काही चुकांवर मात्र हसता येत नाही. स्कनथॉर्पच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, 'एओएल'ने 'ब्रेस्ट' म्हणजे स्तन हा शब्द असभ्य शब्दांच्या यादीत टाकला. स्तनाच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या महिला त्या काळी याच सेवेवर एकत्र येऊन एकमेकींना धीर देत, उपचारांची माहिती देत-घेत. आपल्या आजाराचे नाव घेणेही त्यांना एकाएकी अशक्य झाले. तीव्र निषेधानंतर कंपनीने बंदी मागे घेतली. शरीराच्या अवयवाचे नाव आणि अश्लीलता यांतला फरक यादीला कळत नाही आणि त्याची किंमत बहुधा आजारी, पीडित किंवा मदत मागणाऱ्या माणसाला मोजावी लागते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या मुलीला घडलेला प्रकार सांगण्यासाठी जे शब्द वापरावे लागतात, तेच नेमके यादीत असतात.

म्यानमारमध्ये 'कलार' हा शब्द मुस्लिमांविषयी तुच्छतादर्शक म्हणून वापरला जाऊ लागल्याने २०१७ साली 'फेसबुक'ने त्यावर कारवाई सुरू केली. हेतू रास्त होता. मात्र बर्मी भाषेत हरभऱ्याच्या डाळीचे नावही त्याच शब्दापासून तयार होते. त्यामुळे डाळीविषयीचा आणि त्या शब्दाचा निषेध करणारा मजकूरही काढून टाकला गेला. द्वेष पसरवणारा आणि द्वेषाविरुद्ध बोलणारा, दोघेही तोच शब्द उच्चारतात. यंत्राच्या लेखी दोघे सारखेच.

मराठीचे निराळे त्रांगडे

या चाळण्या मुख्यतः इंग्रजीसाठी घडवल्या गेल्या. मराठी माणूस रोमन लिपीत लिहितो तेव्हा तो नकळत इंग्रजी यादीच्या कक्षेत येतो. दीक्षित, परीक्षित, हर्षित, रक्षित ही नावे रोमन लिपीत लिहिली, की 'क्षि' किंवा 'र्षि' आणि पुढचा 'त' मिळून विष्ठेसाठीचा असभ्य इंग्रजी शब्द तयार होतो. महागणपतीमुळे प्रसिद्ध असलेल्या टिटवाळ्याची पहिली तीन अक्षरे, मुंबईतील कंबाला हिलची पहिली तीन अक्षरे, ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय, गोव्यातील आसगाव, फार काय संपूर्ण आसाम राज्य, ही सारी भाबड्या चाळणीच्या दृष्टीने संशयितच ठरतात. माणसाचे आडनाव हे त्याने निवडलेले नसते. 'हे नाव स्वीकारता येत नाही' असा संदेश वाचणाऱ्याला यंत्राचा दोष दिसत नाही. आपल्यालाच कोणी परके ठरवले, असे वाटते.

देवनागरीतील अडचणी आणखी वेगळ्या आहेत. अक्षरमालेऐवजी संपूर्ण शब्द जुळला तरच अडवायचा, हा इंग्रजीतील पहिला उपाय. मराठीत तो लंगडा पडतो, कारण विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. एका नामाची ने, ला, चा, साठी, पासून, विषयी अशी कितीतरी रूपे होतात. शिवीला प्रत्यय लागला की ती संपूर्ण शब्दाच्या चाळणीतून निसटते; प्रत्ययांसाठी चाळणी सैल केली की निर्दोष शब्द अडकतात. 'भाड्या' ही मराठीतील रूढ शिवी. पण 'भाड्याने घर मिळेल' या जाहिरातीत तीच अक्षरे येतात. 'मेल्या' हा शब्द तळतळाटाचा, तसाच आजीच्या तोंडी लाडाचाही. आणि 'मेल्यानंतर' हा शब्द तर मृत्युपत्रातही येतो. स्कनथॉर्प मराठीतही वसलेले आहे, ते असे.

त्याखेरीज लेखनाच्या तांत्रिक बाबी आहेतच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकानेही लिहिता येते आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती भिन्न असतात. दोन अक्षरांमध्ये न दिसणारे जोडचिन्ह घातले तरी तुलना फसते. काही संगणकभाषांच्या मूळ नियमांत काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे शब्दाचा भाग मानली जात नाहीत. तेथे शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हेच यंत्राला नीट समजत नाही. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फाँटांत तर पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत रोमन संकेतांची रास असे. कोणतीही यादी तेथे निरुपयोगीच होती.

भाषेच्या संस्कृतीचा प्रश्न याहून मोठा आहे. मालवणी बोलीत शिवी अनेकदा स्नेहाची खूण असते. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेले 'वस्त्रहरण' त्या बोलीच्या मोकळेपणाखेरीज उभेच राहू शकत नाही. कोकणात शिमग्याला अपशब्दांना परंपरेनेच मुभा दिलेली आहे. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ने आणि विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर'ने सभ्य साहित्याच्या उंबरठ्याबाहेरची भाषा मराठीत ठामपणे आणली, ती धक्का देण्याच्या हौसेपोटी नव्हे. ज्यांचे जगणेच समाजाने असभ्य ठरवले, त्यांच्या तोंडी सभ्य शब्द घालणे हा खोटेपणा ठरला असता. शब्दांची यादी हा भेद करू शकत नाही.

पळवाटांची स्पर्धा

एकीकडे निरपराध अडकतात, तर दुसरीकडे ज्याला शिवी द्यायचीच आहे तो सहज निसटतो. अक्षराच्या जागी आकडा, मध्येच टिंब, जाणूनबुजून केलेली चूक, एवढ्याने काम भागते. चिनी भाषेत अनेक शब्द केवळ सुरांच्या फरकाने वेगळे होतात. २००९ साली तेथील कडक नियंत्रणाची थट्टा म्हणून 'गवत-चिखलाचा घोडा' नावाचा काल्पनिक प्राणी लोकप्रिय झाला. त्याच्या नावाचा उच्चार एका आईवरच्या शिवीच्या अगदी जवळ जातो. शब्द निर्मळ, ऐकणाऱ्याला कळणारा अर्थ भलताच. यादी लांबत जाते तसतशा पळवाटाही वाढतात. अडकतात ते पळवाट शोधण्याची गरज न वाटलेले लोक.

शिकणारे यंत्रही निर्दोष नाही

यादीऐवजी उदाहरणांवरून शिकणारी यंत्रणा हा पुढचा टप्पा. 'गुगल'च्या 'जिगसॉ' या उपक्रमाने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'पर्स्पेक्टिव्ह' ही यंत्रणा खुली केली. मजकूर किती विखारी आहे, याचा ती गुणांक देई. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की शब्दात एखादे टिंब घातले किंवा किरकोळ चूक केली तरी हा गुणांक एकदम उतरतो. २०१९ साली मार्टेन सॅप व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आणखी अस्वस्थ करणारी बाब पुढे आली. अशा यंत्रणा आफ्रिकी-अमेरिकी लेखकांच्या ट्वीटना इतरांच्या तुलनेत दुपटीपर्यंत अधिक प्रमाणात आक्षेपार्ह ठरवत होत्या. यंत्राला शिकवणाऱ्या माणसांनी ती बोली उद्धट मानली होती, आणि यंत्राने तो पूर्वग्रह इमानाने आत्मसात केला.

मराठीतही या दिशेने काम झाले आहे. आक्षेपार्ह मराठी मजकुराचा 'मोल्ड' हा संच २०२१ साली संशोधकांनी प्रसिद्ध केला. पुण्याच्या 'एल-थ्री क्यूब' गटाने २०२२ साली 'महाहेट' हा पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीटचा संच उपलब्ध करून दिला. त्यात द्वेषमूलक, आक्षेपार्ह, असभ्य आणि यांपैकी काहीही नसलेला असे चार वर्ग आहेत. शिवी आणि द्वेष या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यात मान्य केलेले आहे. एकही अपशब्द न वापरता एखाद्या समाजाविषयी विष ओकता येते, आणि शिव्यांची लाखोली वाहूनही कोणाचा द्वेष केलेला नसतो.

अचूकतेचे फसवे गणित

'आमची यंत्रणा ९५ टक्के अचूक आहे,' असा दावा केला जातो, तेव्हा त्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक ठरते. समजा, एका व्यासपीठावर दिवसाला एक लाख संदेश येतात आणि त्यांतील एक हजार खरोखर असभ्य आहेत. ९५ टक्के अचूक यंत्र त्यांतले ९५० पकडेल. मात्र उरलेल्या ९९ हजार निर्दोष संदेशांपैकी पाच टक्के, म्हणजे ४,९५० संदेशही ते चुकून अडवेल. एकूण अडवलेले संदेश झाले ५,९००. त्यांतील सुमारे ८४ टक्के निरपराध! असभ्य संदेशांचे प्रमाण मुळात कमी असते, तेव्हा उत्तम वाटणारे यंत्रही बहुतेक वेळा चुकीच्याच माणसाला पकडते. म्हणूनच यंत्राच्या निर्णयाला अंतिम निकाल मानणे धोक्याचे ठरते. तो फार तर प्राथमिक संशय असतो.

उपाय कोणते?

अनुभवातून काही शहाणपण हाती आले आहे. गावांची नावे, आडनावे, वैद्यकीय संज्ञा यांची अपवाद-यादी ठेवणे, हा पहिला उपाय. नाव नोंदवण्याच्या जागी चाळणी शक्यतो लावूच नये, हा दुसरा. संशयित मजकूर नष्ट न करता तपासणीसाठी बाजूला ठेवणे, लिहिणाऱ्याला कारण सांगणे आणि दाद मागण्याची सोय देणे, हा तिसरा. काय वाचायचे आणि काय झाकायचे, याची निवड वाचणाऱ्याच्या हाती देणे, हाही एक पर्याय आहे. लहान मुलांच्या खेळासाठीची चाळणी आणि रुग्णांच्या मदतगटासाठीची चाळणी एकच असता कामा नये.

कायद्यांतही हे भान उमटू लागले आहे. युरोपीय संघाचा २०२२ चा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. मजकूर हटवताना कारण देणे, निर्णयात यंत्राचा वापर झाला का हे सांगणे आणि तक्रारीचा निवाडा केवळ यंत्रावर न सोपवणे त्याने बंधनकारक केले. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना बलात्कार व बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण शोधण्यासाठी स्वयंचलित साधने वापरण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले. त्याच नियमात मानवी देखरेख आणि साधनांची अचूकता व पक्षपात यांचा वेळोवेळी आढावा घेण्याची अटही आहे. तो नियम शिव्यांविषयीचा नाही. पण त्यातील अट शिव्यांच्या चाळणीलाही तितकीच लागू पडावी अशी आहे.

चाळणी नकोच, असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. अपशब्दांच्या भडिमाराने अनेकांना, विशेषतः स्त्रियांना आणि मुलांना, सार्वजनिक चर्चेतून उठून जावे लागते. त्यांचा आवाज दाबला जाणे हीदेखील एक प्रकारची बंदीच होय. प्रश्न आहे तो चाळणीची भोके कोणाच्या भाषेच्या मापाने पाडली, याचा. घरातील बाई धान्य चाळते, तेव्हा चाळणीत उरलेले ती तसेच फेकून देत नाही. सुपात घेऊन पुन्हा एकदा निवडते. यंत्राने अडवलेल्या शब्दांच्या वाट्याला हे दुसरे निवडणे यायला हवे. तेवढे झाले, तर टिटवाळ्याच्या रहिवाशाला आपल्या गावाचे नाव लिहिताना आणि एखाद्या रुग्णाला आपल्या आजाराचे नाव घेताना संकोचण्याचे कारण उरणार नाही.